मार्लिन, होडी आणि नांगरलेला दोर

पूर्व कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक, ग्वाडेलूप आणि डोमिनिका या बेटांवरून पहाटेच्या अंधारात निघणारी मासेमारीची होडी साधारण सात-आठ मीटर लांबीची, वरून उघडी आणि मागे पेट्रोलचे इंजिन लावलेली असते. बहुधा तिच्यावर दोनच माणसे असतात. किनाऱ्यापासून वीस-तीस सागरी मैलांवर, जिथे तळ दोन हजार मीटर खाली असतो अशा पाण्यात ती जाते, आणि दुपारी परतते तेव्हा कधीकधी तिच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक जागा एकाच निळ्या मार्लिनने, म्हणजे भाल्यासारख्या चोचीच्या एका प्रचंड माशाने, व्यापलेली असते. त्याचे तुकडे धक्क्यावरच होतात आणि संध्याकाळपर्यंत ते गावातल्या घराघरांत शिजतात. या माशाची विक्री बंद करावी, तो धरला तर सोडून द्यावा, आणि त्याच्या बदल्यात बेटांनी श्रीमंत हौशी गळकऱ्यांच्या पर्यटनावर पोट भरावे, असा आग्रह गेली काही दशके धरला जातो आहे. हा आग्रह चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो, असे माझे मत आहे. मात्र त्याला दिले जाणारे नेहमीचे उत्तर, म्हणजे लहान होडीमुळे समुद्राचे काहीच बिघडत नाही हे विधान, तेवढेच कच्चे आहे.

मराठी वाचकाची मार्लिनशी ओळख बहुधा एका अनुवादित कादंबरीतून झालेली असते. त्या कथेत एक म्हातारा कोळी आणि एक मासा अशी एकास एक झुंज आहे, आणि तेवढ्यामुळेच ती आपल्याला न्याय्य वाटते. प्रत्यक्षातला हिशेब त्याहून रुक्ष आहे. अटलांटिक महासागरातील ट्यूना आणि तिच्या जातकुळीतल्या माशांची व्यवस्था पाहणारा आंतरराष्ट्रीय आयोग, ज्याला सगळे आयकॅट म्हणतात, १९६९ पासून काम करतो. २०१८ साली त्याच्या शास्त्रज्ञांनी निळ्या मार्लिनच्या साठ्याचे मूल्यमापन केले, तेव्हा साठा प्रमाणाबाहेर घटलेला आहे आणि मासेमारीही अजून प्रमाणाबाहेर चालू आहे, असा दुहेरी निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी साऱ्या अटलांटिकसाठीची वार्षिक मर्यादा २,००० टनांवरून १,६७० टनांवर आणली गेली. एक मासा सरासरी शंभर किलोचा धरला, तर हे साधारण सोळा-सतरा हजार मासे होतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंत सर्वांना मिळून एवढेच वाटून घ्यायचे आहेत. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही फ्रान्सची, म्हणून युरोपीय संघाची बेटे असल्यामुळे तिथला मासा युरोपच्या वाट्यात मोजला जातो. शेजारच्या स्वतंत्र बेटांपैकी सगळीच आयोगाची सदस्यही नाहीत.

साठा घटला कशामुळे, हे विसरून या वादात बोलता येत नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी लाँगलाइन जहाजे अटलांटिकमध्ये उतरली. कित्येक मैल लांबीच्या मुख्य दोरीला शेकडो गळ लावून ती रात्रंदिवस समुद्रात सोडायची, ही त्यांची पद्धत. त्यांना हवी होती ट्यूना, पण गळाला ट्यूना आणि मार्लिन यांतला फरक कळत नाही. नंतर इतर देशांचे ताफेही आले. मार्लिनचा पहिला आणि मोठा ऱ्हास या काळात झाला आणि त्यात कॅरिबियन होड्यांचा हात नव्हता, कारण तेव्हा त्या होड्या इतक्या लांब जातच नव्हत्या. ज्यांनी साठा संपवत आणला त्यांच्या दृष्टीने मार्लिन ही जाळ्यात-गळात आलेली फुकटची भर होती. ज्यांना आज तो सोडून द्या असे सांगितले जाते, त्यांच्या दृष्टीने तो आठवड्याची कमाई आहे. कोणत्याही नियमाची सुरुवात या विषमतेची दखल घेऊन झाली पाहिजे.

आता विरुद्ध बाजू नीट ऐकू. अमेरिकेने अटलांटिकमधल्या मार्लिनची विक्री १९८८ सालीच बंद केली आणि २०१२ च्या कायद्याने, हवाई आणि पॅसिफिकमधली आपली बेटे वगळता, परदेशातून येणाऱ्या मार्लिनच्या विक्रीलाही दार लावले. तिथल्या हौशी गळकऱ्यांना अटलांटिकमधून वर्षाला निळे, पांढरे आणि त्यांच्या निकटच्या जातीचे मिळून अवघे २५० मासे किनाऱ्यावर आणता येतात. बाकी सगळे सोडावे लागतात. मेक्सिकोने किनाऱ्यालगतच्या ५० सागरी मैलांच्या पट्ट्यात मार्लिन हौशी मासेमारीसाठी राखून ठेवला आहे. एक मासा एकदा विकून जेवढे मिळते, त्याहून कितीतरी अधिक तो दहा वेळा धरून दहा वेळा सोडल्याने हॉटेल, बोट, खलाशी आणि विमानतळ यांना मिळून मिळते, हा या धोरणामागचा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. सोडलेला मासा जगतो का, या शंकेलाही काही प्रमाणात उत्तर मिळाले आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या मार्लिनांना उपग्रहाला माहिती पाठवणारी उपकरणे लावून सोडण्यात आले होते. सरळ टोकाच्या, इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या गळाने धरलेल्या २० माशांपैकी ७ मेले. टोक आत वळलेल्या गोल गळाने धरलेल्या २० पैकी एकही मेला नाही. गोल गळ पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, एवढ्या साध्या कारणाने हा फरक पडतो. २००८ पासून अमेरिकेने अटलांटिकमधल्या स्पर्धांत नैसर्गिक आमिषासोबत गोल गळ सक्तीचा केला, हे चांगलेच झाले.

तरीही या हौशी जगाच्या नैतिक वरचढपणावर माझा विश्वास बसत नाही, आणि त्याला एक जीवशास्त्रीय कारण आहे. निळ्या मार्लिनमध्ये नर लहान राहतो, दीडशे किलोच्या पलीकडे तो क्वचितच जातो. मादी मात्र पाचशे किलोंच्याही पुढे वाढू शकते. किनाऱ्यावर आणायचा मासा खालच्या जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत किमान २५१ सेंटिमीटर असला पाहिजे, असा हौशी मासेमारीचा नियम आहे. एवढा नर सहसा नसतोच. म्हणजे किमान लांबीचा हा नियम संवर्धनाच्या नावाने जवळजवळ फक्त माद्याच मारायला परवानगी देतो, आणि त्याही सर्वांत जास्त अंडी घालणाऱ्या. सर्वांत जड माशाला लाखो डॉलर देणाऱ्या स्पर्धा याच मादीच्या मागे असतात. २०२३ साली उत्तर कॅरोलायनातील बिग रॉक स्पर्धेत ६१९ पौंडांचा, म्हणजे सुमारे २८० किलोंचा निळा मार्लिन वजनकाट्यावर आला, पण शार्कने त्याचा लचका तोडलेला असल्यामुळे तो बाद ठरला आणि बोटीचे सुमारे ३५ लाख डॉलर गेले. मासा अर्थातच मेलेला होता. डोमिनिकाच्या धक्क्यावर शार्कने चावलेला भाग कापून टाकून बाकीचा विकला गेला असता. यात कोणाचा व्यवहार अधिक शहाणपणाचा, हे ज्याने त्याने ठरवावे; पण कायद्याची भाषा मात्र पहिल्याला खेळाडू म्हणते आणि दुसऱ्याच्या मालाला बेकायदा ठरवू पाहते.

शिवाय पर्यटनाचा युक्तिवाद प्रत्येक बेटाला लागू पडत नाही. मोठा विमानतळ, मोठ्या बोटींना उभे राहायला बंदर, पंचतारांकित निवास आणि जवळ श्रीमंत ग्राहक असतील तिथेच तो पैसा येतो, आणि आला तरी तो होडीच्या मालकाच्या हाती क्वचितच पडतो. सत्तर हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या डोमिनिकातला मच्छीमार उद्या हौशी बोटीवर मदतनीस म्हणून लागेल, हे म्हणणे म्हणजे कोकणातल्या तांडेलाला होडी विकून जलक्रीडेच्या स्टॉलवर तिकिटे फाडायला सांगण्यासारखे आहे. काही जण ते करतीलही. पण तो त्यांचा निर्णय असावा, विक्रीबंदीने लादलेला नसावा.

इथपर्यंत लहान होडीच्या बाजूने बोललो. आता तिच्यावरचा खरा आक्षेप. पूर्वी या बेटांवरच्या होड्या प्रवाळाच्या आसपास आणि उथळ पाण्यात मासे धरत; मार्लिन मिळणे हा योगायोग असे. १९८० च्या दशकापासून चित्र बदलले ते एका साध्या साधनामुळे. तळाशी सिमेंटचा ठोकळा किंवा जुन्या इंजिनाचे धूड, तिथून वर येणारा दीड-दोन हजार मीटर लांबीचा दोर, पृष्ठभागावर बोयांची माळ आणि तिच्याखाली लोंबणाऱ्या जुन्या जाळ्या किंवा ताडपत्रीच्या पट्ट्या: एवढीच त्याची रचना. त्याला फॅड म्हणतात. फ्रेंच बेटांवर डीसीपी. मोकळ्या समुद्रात कशाचाही आडोसा नसतो, म्हणून लहान मासे अशा तरंगत्या वस्तूखाली जमतात, त्यांच्यामागे ट्यूना येते आणि ट्यूनामागे मार्लिन. आधी जो मासा शोधण्यात दिवस जाई, तो आता ठरलेल्या पत्त्यावर भेटतो. होडीवाले आधी लहान ट्यूना धरतात, तिला जिवंतच गळाला लावतात, तो गळ खोलवर सोडून वरचे टोक प्लास्टिकच्या मोठ्या डब्याला किंवा बोयाला बांधतात आणि असे अनेक बोये फॅडच्या भोवती मोकळे सोडून देतात. बोया उड्या मारू लागला किंवा पळू लागला की होडी त्याच्या मागे लागते.

या बदलाला सरकारी प्रोत्साहन होते आणि ते अविचारी नव्हते. प्रवाळातले मासे संपत चालले होते. होड्या बाहेर काढल्या तर आतल्या माशांना उसंत मिळेल, हा हेतू होता. मार्टिनिक आणि ग्वाडेलूपमध्ये त्यात आणखी एक कडू कारण मिसळले. केळीच्या मळ्यांत भुंगेऱ्यांविरुद्ध १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर ते १९९० मध्ये बंद झाले होते, तरी बेटांवर त्यानंतर तीन वर्षे परवानगी चालू राहिली. ते मातीत टिकून राहते, पावसाबरोबर समुद्रात उतरते आणि तळाशी राहणाऱ्या माशा-खेकड्यांत साठते. दोन्ही बेटांवरील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते सापडले आहे. २०१० च्या सुमारास किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्यांत मासेमारीच बंद करावी लागली. ज्यांनी केळी विकली त्यांनी किनारा नासवला, आणि ज्यांची किनाऱ्यावरची मासेमारी गेली ते फॅडकडे वळले. असे असताना मार्लिन धरल्याबद्दल त्यांनाच खडसावणे मला तरी जड जाते.

पण सहानुभूतीने गणित बदलत नाही. एका होडीने महिन्यात धरलेले दोन-तीन मार्लिन नगण्य वाटतात. शंभर होड्यांचे वर्षाचे आकडे नगण्य राहत नाहीत, आणि बेटांची रांगच्या रांग हेच करू लागली तर लहान होडी हा शब्द फसवा ठरतो. आयोगाच्या सदस्य देशांनी लाँगलाइनवरचे निर्बंध हळूहळू वाढवले, त्याच काळात फॅडवरचा आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तरंगत्या जाळ्यांतला मार्लिन वाढत गेला. म्हणून लहान मच्छीमारांचे कैवारी (मी स्वतःला त्यांच्यातच धरतो) जेव्हा म्हणतात की आम्हाला सगळ्या नियमांतून वगळा, तेव्हा ते आपल्याच माणसांच्या पुढच्या पिढीचा मासा आज विकून खातात.

मग नियम कशावर लावायचा? माझे उत्तर असे आहे की माशावर किंवा विक्रीवर लावण्याआधी तो दोरावर लावावा. मार्लिन किती मरणार हे होडीच्या लांबीपेक्षा समुद्रात किती फॅड नांगरले आहेत, ते कोणाचे आहेत आणि त्यांच्याभोवती किती बोये मोकळे सोडले जातात यावर ठरते. आज बहुतेक ठिकाणी याच गोष्टींवर कोणाचे नियंत्रण नाही. एक गट फॅड टाकतो, दुसऱ्याला तिथे येऊ देत नाही, मग दुसरा आपला टाकतो. भांडण पेटले की रात्री कोणीतरी दोर कापतो. वादळाच्या हंगामात कित्येक फॅड वाहून जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवे दोर, नवी ताडपत्री, नवे प्लास्टिक समुद्रात पडते. अशी स्पर्धा फॅडची संख्या वाढवत राहते, आणि माशाचा भाव वाढला नाही तरी पेट्रोलचा खर्च भरून काढण्यासाठी प्रत्येकाला अधिक गळ सोडावे लागतात.

याला पर्याय कागदी नाही. २०१३ ते २०१८ या काळात जपानच्या मदतीने डोमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, अँटिग्वा आणि सेंट किट्स या सहा देशांत सामाईक व्यवस्थापनाचा प्रकल्प चालला. फॅड मच्छीमारांच्या संघटनेचा आणि मासेमारी खात्याचा मिळून, वापरणाऱ्याने परवाना घ्यायचा, दुरुस्तीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा आणि पकडीची नोंद द्यायची, ही त्यामागची कल्पना. ज्या देशाने एकेकाळी लाँगलाइन आणली, त्याच देशाने हे शिकवायला यावे यात थोडी गंमत आहेच, पण कल्पना योग्य आहे. २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने डोमिनिकाची होड्यांसकट वाताहत केली, तेव्हा सामाईक मालकीचे दोन फायदे अधिक स्पष्ट झाले असावेत, असे मला वाटते: नवा दोर टाकायचा खर्च एकट्यावर पडत नाही, आणि किती दोर टाकायचे हे नव्याने ठरवता येते.

सामाईक फॅड असला की त्याच्यावर अटी घालता येतात. पहिली अट बोयांच्या संख्येची असावी. मार्लिन पोहत राहूनच श्वास घेतो. कल्ल्यांतून पाणी वाहते राहिले पाहिजे. दोन तास कोणी न पाहिलेल्या बोयाला लटकलेला मासा होडी पोचेपर्यंत बहुधा मेलेला असतो, आणि मेलेला मासा सोडून देण्याला अर्थ नाही. प्रत्येक होडीने नजरेच्या टप्प्यात राहतील एवढेच बोये सोडावेत आणि त्यांना गोल गळ लावावा, म्हणजे लहान मार्लिन जिवंत सोडण्याची निवड निदान हाती राहते. दुसरी अट मोठ्या मादीची. किमान लांबीच्या नियमाऐवजी कमाल लांबीचा नियम इथे अधिक शहाणपणाचा ठरेल: फार मोठा मासा जिवंत असेल तर सोडावा. मोठ्या मार्लिनच्या मांसात पारा अधिक साठलेला असतो, त्यामुळे खाणाऱ्याच्या हिताचेही तेच आहे. शंभर किलोचा मासा दोन माणसांच्या होडीला परवडतो; चारशे किलोचा मासा उघड्या होडीत ओढताना ती उलटण्याचीच भीती असते, हे कोणत्याही नाखव्याला सांगावे लागत नाही.

हे कॅरिबियनपुरते राहत नाही, कारण हिंदी महासागरात हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत उभा आहे आणि भारत तिथल्या ट्यूना आयोगाचा सदस्य आहे. त्या आयोगाने २०१८ साली ठरवलेल्या वार्षिक मर्यादा पट्टेरी मार्लिनसाठी ३,२६० टन, काळ्यासाठी ९,९३२ टन आणि निळ्यासाठी ११,९३० टन आहेत, आणि ६० सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवायला मनाई आहे. पट्टेरी मार्लिनची अवस्था सर्वांत वाईट आहे. अरबी समुद्रात मार्लिन गळापेक्षा तरंगत्या जाळ्यात अधिक अडकतो, आणि जाळ्यातून तो जिवंत सोडणे जवळजवळ अशक्य असते. आपल्याकडे लहान विरुद्ध मोठे हा वाद पर्ससीनच्या, म्हणजे यांत्रिक बोटीवरून माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, निमित्ताने चांगलाच परिचयाचा आहे. २०१६ साली महाराष्ट्राने पर्ससीनला क्षेत्र आणि हंगाम यांची बंधने घातली, ती पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यामुळे. तो लढा योग्य होता. २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रासाठी) काढलेल्या नियमांत सहकारी संस्थांना खोल समुद्रात प्राधान्य दिले आहे आणि पारंपरिक व लहान मच्छीमारांना प्रवेशपासातून, म्हणजे तिथे मासे धरण्याच्या परवान्यातून, सूट दिली आहे, हेही योग्यच. परवान्यातून सूट म्हणजे नोंदीतूनही सूट, असा तिचा अर्थ होऊ नये, एवढीच माझी हरकत आहे. ज्याची पकड कुठेच लिहिलेली नाही त्याचा वाटा आंतरराष्ट्रीय टेबलावर शून्य धरला जातो, आणि मर्यादा आणखी खाली आली की ज्यांच्या वह्या भरलेल्या आहेत ते देश त्या दाखवून आपला हक्क सांगतात.

नोंद ठेवणे ही दिसते तेवढी सोपी गोष्ट नाही. मार्लिनची लांबी चोचीच्या टोकापासून मोजत नाहीत, कारण ती चोच बहुधा मोडते किंवा होडीत जागा व्हावी म्हणून समुद्रातच तोडली जाते. डोके आणि शेपटीही अनेकदा तिथेच जातात. मग धक्क्यावर पोचते ते फक्त धड, आणि त्यावरून मासा नर होता की मादी, लहान की मोठा, हे नंतर कार्यालयात बसून कोणालाही सांगता येत नाही. खालच्या जबड्यापासून बेचक्यापर्यंत पट्टी लावायची असेल तर ती समुद्रातच, डोके तोडण्याआधी, होडीवाल्यानेच लावली पाहिजे. त्यासाठी त्याला पट्टी द्यावी लागेल, दोन ओळींचा तक्ता त्याच्या भाषेत द्यावा लागेल, आणि ती नोंद घ्यायला खात्याचा माणूस सकाळी दहाला नव्हे, दुपारी तीनला, होड्या लागतात तेव्हा, धक्क्यावर उभा असावा लागेल.